लुक्लाला विमानाने जावं की जीपचे धक्के खावेत? (सोबत आई)

अनघड_वाट | ११ जानेवारी

मंडळी, एप्रिलच्या शेवटी आईला घेऊन नेपाळात खुंबूत (एव्हरेस्टच्या पायथ्याचा भाग) जायचं घाटतंय. बेस कॅम्प नाही. नामचे, आणि जमलं तर तेंगबोचेपर्यंत. आई ६३ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत, राजगड दरवर्षी होतो, कळसूबाई दोनदा झालंय. तिला एकदा एव्हरेस्ट डोळ्यांनी बघायचंय, बस्स.

अडचण आईची नाही, माझी आहे. चालायला सुरुवात होते त्या लुक्ला गावच्या विमानतळाचे व्हिडिओ बघून माझी झोप उडालीय. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला भिंत, मध्ये घसरगुंडी. आईला दाखवला तर म्हणाली, "एसटीने वरंध घाट किती वेळा चढलेय, तेव्हा कुणी व्हिडिओ काढला नाही म्हणून."

तर प्रश्न असे: हा विमानतळ खरंच इतका वाईट आहे का? तिथे सोयी काय आहेत, बाथरूम, बसायला जागा वगैरे? आणि जीपने किंवा खालच्या जिरी गावाहून चालत जाणं साठीच्या माणसाला झेपेल का? इतिहास कुणाला माहीत असेल तर तोही वाचायला आवडेल. इतक्या अडचणीच्या जागी विमानतळ बांधायचं सुचलं तरी कुणाला?

चहाबाज | ११ जानेवारी

पहिला!

आईंना नमस्कार सांगा. वरंध घाटाचा मुद्दा बिनतोड आहे.

सह्यवेडी | ११ जानेवारी

योगायोग बघा, आज ११ जानेवारी. २००८ साली याच दिवशी एडमंड हिलरी गेले. सुचलं कुणाला याचं उत्तर तेच. त्याच महिन्यात विमानतळाला तेनझिंग-हिलरी असं नाव दिलं.

एव्हरेस्टनंतर हिलरी शेर्पांसाठी काम करत होते. १९६१ साली खुमजुंगला शाळा झाली, मग खुंदेला दवाखाना बांधायचा होता (तो १९६६ मध्ये झाला). पत्रे, सिमेंट, औषधं सगळं काठमांडूहून माणसांच्या पाठीवर यायचं, दोन दोन आठवडे चालत. म्हणून १९६४ मध्ये ही पट्टी. प्रवासी हा विषयच नव्हता, सामान उतरवायला जागा हवी होती. त्यांना खरं तर खाली सपाट शेतजमीन हवी होती, पण सपाट जमीन म्हणजे बटाटा आणि बार्ली, ती कोण देणार? मग ही उताराची जागा मिळाली. सुमारे २,६५० डॉलरला जमीन घेतली असं सांगतात.

आता गंमत. झाडंझुडपं काढली, दगड काढले, तरी माती भुसभुशीत. रोलर कुठून आणणार? तर हिलरींनी गावकऱ्यांना दारू पाजली आणि नाचायला लावलं. शेर्पांचा नाच म्हणजे हातात हात गुंफून पाय आपटत सरकायचं. नाचून नाचून जमीन घट्ट केली.

मुकाट्याने | ११ जानेवारी

आमच्या गावच्या रस्त्याचं कामही दारू पिऊनच केलेलं दिसतंय. नाचायचं तेवढं विसरले.

चहाबाज | ११ जानेवारी

@मुकाट्याने 😂😂

काठमांडूकर | १२ जानेवारी

नोकरीनिमित्त काही वर्षं काठमांडूत आहे, लुक्लाला सातआठ वेळा जाणं झालंय. सोयींबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो.

धावपट्टी एकच, ५२७ मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे तिच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. उंची समुद्रसपाटीपासून साधारण २,८५० मीटर. चढ जवळपास १२ टक्के, म्हणजे खालच्या टोकापेक्षा वरचं टोक साठ मीटर उंच, वीस मजली इमारतीइतकं. २००१ पर्यंत मातीचीच होती, मग डांबरी केली. विमानं उभी करायला वरच्या अंगाला चार जागा. बाजूला हेलिपॅड. छोटा टॉवर आहे, पण ढगातून वाट दाखवून खाली आणणारी यंत्रणा नाही. वैमानिकाला डोळ्यांनी पट्टी दिसली तरच उतरायचं. नाही दिसली तर मागे.

टर्मिनल म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या एसटी स्टँडएवढं समजा. सामानाचा पट्टा वगैरे नाही, विमानातून पिशव्या काढून माणसं उचलून आणतात, आपली दिसली की हात वर करायचा. बसायला बाकं आहेत, सकाळी कमी पडतात. स्वच्छतागृह आहे, त्याबद्दल एवढंच सांगतो की आपल्या लॉजमधूनच जाऊन निघा. चहा मात्र दाराबाहेर पन्नास पावलांवर, आणि चांगला.

सामान एकूण १५ किलो धरून चाला, त्यात हातातलंही आलं. काही वेळा बॅगेबरोबर माणसालाही काट्यावर उभं करतात. लाजू नका, सगळ्यांनाच करतात.

बघण्यासारखी गोष्ट म्हणजे सायरन. खालून विमान निघालं किंवा जवळ आलं की भोंगा वाजतो. गावात अर्धवट झोपेत असलेली सगळी माणसं एकदम खिडकीशी येतात, कारण पहिलं विमान आलं म्हणजे आज हवा उघडी आहे. दोनतीन मिनिटांत विमान वर येऊन वळतं, एक इंजिन चालूच ठेवतात, आतली माणसं उतरतात, बाहेरची चढतात, सामान बदलतं आणि निघालंसुद्धा. पाच-दहा मिनिटांचा खेळ. हवा टिकेल तेवढ्यात जास्तीत जास्त फेऱ्या मारायच्या असतात.

फुलपाखरू_७ | १२ जानेवारी

काट्यावर माणसाला?? सगळ्यांसमोर? मी जीपने जाईन.

टर्बोप्रॉप | १२ जानेवारी

विमान दुरुस्तीच्या खात्यात हयात गेली, म्हणून थोडं बोलतो. अनघडताई, ज्या उताराला तुम्ही घाबरताय तो उतार तुमचा मित्र आहे.

उंचावर हवा विरळ असते. लुक्लाच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश. विमानाला तरंगायला पंखांवरून ठरावीक हवा जावी लागते, त्यामुळे विमानातल्या वेगाच्या काट्यावर तोच वेग दिसत असला तरी जमिनीच्या हिशोबाने ते जवळपास १५ टक्के जास्त वेगात उतरत असतं. वेग १५ टक्के वाढला की थांबायला लागणारं अंतर एक तृतीयांशाने वाढतं. वरून इंजिनाचा दमही कमी. सपाट पट्टी हवी असती तर ती कितीतरी लांब लागली असती, आणि तिथे डोंगराने तेवढी जागा सोडलेलीच नाही.

म्हणून चढावर उतरायचं, चढच ब्रेकचं काम करतो. घाटात ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी बाजूला चढाची वाट काढतात ना, तसंच. जाताना उलट, उतारावरून सुटायचं, उतार वेग देतो. वारा कुठूनही असो, उतरायचं खालून वर आणि उडायचं वरून खाली. दुसरी बाजूच नाही.

खरी गोम अशी की शेवटच्या टप्प्यात विचार बदलता येत नाही. इतरत्र जमलं नाही तर वैमानिक पुन्हा इंजिन देऊन वर जातो. लुक्लाला पट्टीच्या डोक्यावर डोंगर आहे, तिथे एका मर्यादेनंतर उतरणं हाच पर्याय. म्हणून वैमानिकांना नियम कडक: आखूड पट्ट्यांवरची किमान शंभर उड्डाणं, नेपाळात वर्षभर तसलं काम, आणि लुक्लाला जाणत्या प्रशिक्षकासोबत दहा फेऱ्या. त्याशिवाय कप्तान म्हणून पाठवत नाहीत.

विमानंही त्याच जातीची. कॅनडाचं ट्विन ऑटर, जर्मन डॉर्नियर २२८ (हे आपल्या कानपूरलाही बनतं), चेक बनावटीचं एल ४१०. ट्विन ऑटरने पहिलं उड्डाण केलं १९६५ साली, म्हणजे पट्टी आधी आणि तिच्या लायकीचं विमान नंतर.

कोल्हापुरी_रस्सा | १२ जानेवारी

काका, एवढं सोपं करून सांगितलंसा की आता मीच विमान उतरवतो म्हणतोय. फक्त दरीकडं बघणार न्हाई.

निवृत्त_पोस्टमन | १३ जानेवारी

टर्बोप्रॉप यांचं विवेचन उत्तम, पण चित्र जरा गुलाबी रंगवलंय. ८ ऑक्टोबर २००८ ला काठमांडूहून आलेलं ट्विन ऑटर धुक्यात पट्टीच्या अलीकडे कुंपणाला अडकून पेटलं. १९ पैकी १८ गेले, एकटा वैमानिक वाचला. मे २०१७ मध्ये मालवाहू एल ४१० पट्टीच्या जरा खाली आदळलं, दोघे गेले. एप्रिल २०१९ मध्ये उड्डाणाच्या धावेत विमान उजवीकडे भरकटून हेलिपॅडवरच्या हेलिकॉप्टरांवर आदळलं, तिघे गेले. २०१३ पासून युरोपीय संघाने नेपाळच्या विमान कंपन्यांना आपल्याकडे येऊ दिलेलं नाही, ते उगाच नाही. मुलीने आईला घेऊन जाण्याआधी हे माहीत असावं, एवढंच.

टर्बोप्रॉप | १३ जानेवारी

@निवृत्त_पोस्टमन, तिन्ही घटना खऱ्या आहेत आणि मी नाकारत नाही. पण पहिल्या घटनेत धुकं होतं, उताराने कुणाला मारलं नाही. आणि बघा, जानेवारी २०२३ मध्ये ७२ माणसं गेली ती पोखऱ्याला. तो विमानतळ पंधरा दिवसांपूर्वी सुरू झालेला, लांबलचक नवीकोरी पट्टी. मे २०२२ मध्ये पोखऱ्याहून जोमसोमला जाणारं ट्विन ऑटर वाटेत डोंगराला धडकलं, २२ गेले, त्यात चौघे आपल्या ठाण्याचे होते. ते तर कुठल्याच विमानतळावर नव्हतं. नेपाळात माणसं मारतात ते ढग आणि घाई. पट्टीचा फोटो भीतीदायक निघतो म्हणून सगळा दोष तिच्या माथी मारला जातो.

निवृत्त_पोस्टमन | १३ जानेवारी

ढग आणि घाई दोन्ही लुक्लाला मुबलक आहेत, मग फरक काय पडला?

टर्बोप्रॉप | १३ जानेवारी

फरक असा की ढगात विमान न सुटणं हे आपल्या हातात नसलं, तरी "आजच सोडा" म्हणून कुणाच्या डोक्यावर न बसणं आपल्या हातात असतं. सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी घ्या. दुपारी दरीतून वारा चढतो आणि ढग येतात, मग सहसा उड्डाणं बंदच. आणि परतीत तीन दिवस मोकळे ठेवा.

जोगेश्वरीची_मावशी | १३ जानेवारी

तीन दिवसांच्या मुद्द्याला माझे शंभर गुण. आम्ही ठेवला होता एक, आणि अडकलो चार.

आमच्या टूरवाल्याने (नाव घेत नाही, त्याचं दुकान चालू राहू दे बापडं) सगळं दिवसाच्या हिशोबाने गच्च बसवलेलं. लुक्लाला परत आलो आणि ढग उतरले. रोज पहाटे पाचला उठायचं, सामान बांधायचं, विमानतळावर जाऊन बसायचं, भोंग्याकडे कान. अकराला कुणीतरी येऊन हात हलवून "आज नाही" सांगायचं. परत लॉजवर. परत डाळभात. तिसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ काउंटरवर जाऊन ओरडले, "माझी उद्या मुंबईला मीटिंग आहे." काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "दाजू (म्हणजे दादा), ढगाला सांगा."

चौथ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर समोरचे डोंगर असे काही उभे की आदल्या दिवशी कुठे होते असा प्रश्न पडावा. भोंगा वाजला आणि आख्खं गाव ओरडलं. मी आयुष्यात भोंगा ऐकून रडले नव्हते, तेव्हा रडले. मुंबईचं विमान अर्थात गेलं होतं, नवीन तिकिटाचे पैसे टूरवाल्याने दिले नाहीत. "निसर्गापुढे कुणाचं चालतं," म्हणाला. खरंच आहे, पण वेळापत्रक निसर्गाने बनवलं नव्हतं.

काठमांडूकर | १३ जानेवारी

मावशी, तुम्ही स्वस्तात सुटलात. नोव्हेंबर २०११ मध्ये आठवडाभर धुकं हटलं नव्हतं, दोन हजारांहून जास्त लोक लुक्लात अडकले होते. झोपायला जेवणघरातली बाकंसुद्धा शिल्लक नव्हती.

फुलपाखरू_७ | १४ जानेवारी

नावाचा अर्थ काय पण? लुकलुकणारं ते लुक्ला? 🙂

सह्यवेडी | १४ जानेवारी

गोड आहे, पण नाही. शेर्पांची भाषा तिबेटीच्या जवळची, तिबेटीत मेंढीला 'लुक' म्हणतात. शेळ्यामेंढ्यांची जागा असा अर्थ सांगतात. आता मेंढ्या दिसत नाहीत, जॅकेटातली माणसं मात्र कळपाने असतात.

पायी_पायी | १४ जानेवारी

विमान-विमान चाललंय, चालत जाणाऱ्यांच्या वतीने बोलतो. मी जिरीहून गेलोय. जिरी साधारण १,९०० मीटरवर, तिथून लुक्लाच्या खालपर्यंत सहासात दिवस. आणि वाट सरळ चढत नाही हो. एक डोंगर चढायचा, पलीकडे नदीपर्यंत उतरायचं, पुन्हा दुसरा. लामजुरा खिंड ३,५०० मीटरच्या वर, ती ओलांडून पुन्हा खाली. नामचेला पोचेपर्यंत पाय आणि फुफ्फुसं दोन्ही तयार झालेली असतात. लुक्लाला विमानाने उतरलेली माणसं जिन्याच्या चार पायऱ्यांत धापा टाकत होती.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. त्या वाटेवर मोठमोठी लॉजं रिकामी पडलीयत. एका ठिकाणी रात्री मी एकटाच पाहुणा होतो. म्हातारी चुलीशी बसून सांगत होती की पूर्वी या ओट्यावर तंबू लावायला जागा नसायची, सगळे गोरे इथूनच जायचे. मग सगळे वरून जायला लागले. वरून म्हणजे अक्षरशः वरून, तिने आकाशाकडे बोट दाखवलं. थोड्या वेळाने एक विमान खरंच गेलं, तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

हिलरींनी पट्टी दवाखान्यासाठी बांधली हे खरंच आहे, त्याबद्दल आदरही आहे. पण तिने कुणाचं घर भरलं आणि कुणाचं ओसाड पाडलं हेही सांगायला हवं.

सह्यवेडी | १४ जानेवारी

@पायी_पायी, म्हातारीचा प्रसंग वाचून गलबललं. पण दुसरी बाजूही आहे. त्या पट्टीमुळेच खुंबूतली आजारी माणसं अर्ध्या तासात काठमांडूला पोचतात. आणि हिलरींना या छोट्या विमानांनी काय दिलं तेही बघा. ३१ मार्च १९७५ ला त्यांची बायको लुईस आणि धाकटी मुलगी बेलिंडा काठमांडूहून फाप्लूला निघाल्या होत्या. तिथे ते नवीन रुग्णालय बांधत होते. विमान उड्डाणानंतर लगेच पडलं, दोघी गेल्या. तरी माणसाने ते रुग्णालय पुरं केलं आणि पुढची तीस वर्षं त्याच डोंगरांत येत राहिला.

पायी_पायी | १४ जानेवारी

हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

इतिहासाचार्य_२ | १५ जानेवारी

थोडं अवांतर, पण डोंगरातल्या पट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्या लेहला विसरू नका. १९४८ मध्ये टोळीवाले लेहच्या दिशेने येत होते आणि रस्त्याने फौज वेळेत पोचणार नव्हती. अभियंता सोनम नोर्बू यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून नदीकाठी पट्टी तयार केली. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहरसिंग यांनी डकोटा विमान तिथे उतरवलं, शेजारी जनरल थिमय्या. प्राणवायूची धड सोय नाही, नकाशे नाहीत, खाली विमान उतरण्याची पूर्वी कुणी कल्पनाही न केलेली जागा. त्यापुढे लुक्ला म्हणजे...

चहाबाज | १५ जानेवारी

...म्हणजे नाचून केलेली पट्टी. आचार्य, तुलना नको. दोन्ही भारी आहेत.

टर्बोप्रॉप | १५ जानेवारी

लेहचं गणितही तसंच. तीन बाजूंनी डोंगर, त्यामुळे उतरायची आणि उडायची दिशा ठरलेली, आणि दुपारच्या वाऱ्यामुळे प्रवासी विमानं सकाळीच. खुंबूत लुक्लापेक्षाही वर एक पट्टी आहे बरं का, नामचेच्या डोक्यावर स्यांगबोचे, ३,७५० मीटरच्या आसपास. तिथल्या एव्हरेस्ट दाखवणाऱ्या हॉटेलसाठी केलेली, अजून खडीचीच. पाहुणे काठमांडूहून थेट तिथे उतरायचे आणि डोकं धरून बसायचे, म्हणून हॉटेलात प्राणवायूची सोय ठेवावी लागली.

कोल्हापुरी_रस्सा | १५ जानेवारी

आमच्याकडं पन्हाळ्यावर एक पट्टी करा. दारू नि नाच, दोन्हीची सोय आम्ही करतो.

मुकाट्याने | १५ जानेवारी

नाचाला लेझीम चालेल का? लेझमीतही पाय आपटतात.

कोल्हापुरी_रस्सा | १५ जानेवारी

चालंल की. शंभर पोरं आणि हलगी, दोन दिसात धावपट्टी.

व्यवस्थापक | १५ जानेवारी

पन्हाळा विमानतळासाठी कृपया वेगळा धागा काढावा. (हलगीसकट.)

काठमांडूकर | १६ जानेवारी

मूळ प्रश्नाकडे येतो. महत्त्वाचं राहिलं: एप्रिलअखेर म्हणजे गर्दीचा हंगाम. २०१९ पासून अशा हंगामात लुक्लाची बहुतेक विमानं काठमांडूहून न सोडता रामेछापच्या मंथली विमानतळावरून सोडतात, कारण काठमांडूच्या एकुलत्या धावपट्टीवर छोट्या विमानांना ताटकळावं लागतं. मंथली जेमतेम ४७५ मीटरवर, तिथून लुक्ला १५-२० मिनिटं. ऐकायला छान, पण मंथली काठमांडूहून चारपाच तास रस्त्याने. म्हणजे रात्री एकदोनला गाडीत बसायचं. आईंना हे आधी सांगा. शक्य असेल तर आदल्या दिवशी जाऊन मंथलीतच मुक्काम करा, रात्रीचा घाट टळतो. मला विचाराल तर त्या रात्रीच्या रस्त्याची मला लुक्लाच्या पट्टीपेक्षा जास्त धास्ती वाटते.

जीपचं म्हणाल तर सल्लेरीपर्यंत रस्ता आहे आणि त्याच्याही बराच पुढे कच्चा रस्ता गेलाय. पण एक पूर्ण दिवस आणि वर धक्के. तरुणांना ठीक. पावसात नाव काढू नका.

जाताना डावीकडची खिडकी पकडा, बर्फाचे डोंगर त्या बाजूला. आणि लुक्लाला मुक्काम करू नका, त्याच दिवशी फाकदिंगला उतरा. ते २,६०० मीटरवर आहे, पहिल्या रात्री खाली झोपलेलं बरं. गाव संपताना पासांग ल्हामू यांच्या नावाची कमान लागते, १९९३ मध्ये एव्हरेस्टवर गेलेली पहिली नेपाळी स्त्री. उतरताना त्यांचा जीव गेला.

अनघड_वाट | १६ जानेवारी

तुम्ही सगळे किती छान आहात. सगळं आईला वाचून दाखवलं. तिला दारू पिऊन नाचण्याची गोष्ट फार आवडली आणि अपघातांची यादी मी वाचायला लागल्यावर ती उठून कणीक मळायला गेली. विमानाचं ठरवतेय. परतीत तीन दिवस मोकळे. मंथलीला आदल्या दिवशी मुक्काम.

निवृत्त_पोस्टमन | १६ जानेवारी

शुभेच्छा. मी विरोध केला तो काळजीपोटी. विम्यात हेलिकॉप्टरने सुटका आणि उंचीची मर्यादा दोन्ही तपासून घ्या, बऱ्याच पॉलिसी एका उंचीनंतर हात वर करतात.

अनघड_वाट | १६ मे

जाऊन आलो! धागा वर काढते, कारण तुमच्यातल्या प्रत्येकाची आठवण निघाली.

मंथलीला सकाळी साडेपाचला काट्यावर. मला खरंच उभं केलं (फुलपाखरू, काही होत नाही). आईची पिशवी मर्यादेच्या दोन किलो वर गेली. मी काढायला लागणार तेवढ्यात तिने शांतपणे जॅकेटच्या खिशांत तिळाच्या वड्या, मेतकुटाची बरणी आणि टॉर्च भरला, कानटोपी घातली आणि पुन्हा काट्यावर पिशवी ठेवली. काट्यावरचा माणूस तिच्या फुगलेल्या खिशांकडे बघून हसला आणि त्याने हात हलवून जा म्हटलं.

विमानात हवाईसुंदरीने ताटलीतून कापूस आणि गोळ्या फिरवल्या. आईने कापूस कानात घातला आणि गोळ्या दोन घेतल्या, एक मला. वैमानिकांच्या खोलीला दार नाही, आम्ही दुसऱ्या रांगेत, त्यामुळे त्यांच्या खांद्यांवरून समोरचं सगळं दिसत होतं. डावीकडे डोंगरांची रांग, मी तिकडेच बघत राहायचं ठरवलेलं. पण मग समोरच्या काचेत एक करड्या रंगाची चिकटपट्टी दिसली, डोंगराच्या छाताडावर उभी चिकटवलेली. ती मोठी होत गेली. मी डोळे मिटले. धप्प, मग पाठीत कुणीतरी ढकलल्यासारखं, मग विमान चढ चढतंय असं जाणवलं, अगदी रिक्षा चढते तसं. डोळे उघडले तर आम्ही उजवीकडे वळून उभेसुद्धा होतो. आई म्हणाली, "झालं? एवढंच?"

टर्बोप्रॉप काका, तिला तुमचा ट्रकचा दाखला पाठ होता. तिने तो शेजारच्या कोरियन बाईंना हातवारे करून समजावला. त्यांना कळला असावा.

तेंगबोचेला सकाळी सहाला एव्हरेस्ट दिसला. त्यावर स्वतंत्र लिहीन, इथे विषयांतर नको.

परतीला लुक्लात दोन दिवस अडकलो. मावशी, भोंग्याचं तुम्ही लिहिलंय ते शब्दशः तसंच. दुसऱ्या दिवशी लॉजमध्ये सगळ्यांचे चेहरे पडलेले. आईने मालकिणीकडून भात घेतला, त्यात मेतकूट आणि याकचं तूप कालवलं आणि दोन पोलिश पोरांना, एका जर्मन आजोबांना आणि मालकिणीला खायला घातला. आजोबांनी तीनदा मागून घेतला. मालकिणीने मेतकुटाची बरणीच ठेवून घेतली आणि बदल्यात पिशवीभर सुकवलेलं याकचं चीज दिलं. ते दातांनी तुटत नाही, अजून घरात आहे.

तिसऱ्या दिवशी सहाला भोंगा. उड्डाणाला आई खिडकीशी. विमान वरच्या टोकाला भिंतीला शेपूट लावून उभं राहिलं, इंजिनं गरजायला लागली, सगळं थरथरतंय आणि पुढे नुसती दरी. तेव्हा मात्र तिने माझा हात धरला. वरंध घाटाच्या गप्पा मारणारी बाई! सुटलो, खडखडत खाली, मग खडखड थांबली. तिने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "उतार संपला का गं?" मी म्हटलं, "संपला." म्हणाली, "मग खाली काय आहे?" मी खाली बघितलं आणि म्हटलं, "नदी. तू नको बघूस." तर तिने लगेच बघितलं.

टर्बोप्रॉप | १६ मे

वा! आईंना सांगा, ट्रकचा दाखला आता त्यांच्या नावावर.

जोगेश्वरीची_मावशी | १६ मे

मेतकुटाचं प्रमाण मिळेल का?

कोल्हापुरी_रस्सा | १६ मे

ते चीज मिक्सरात फिरवू नका. आमच्या मेव्हण्यानं फिरवलं, मिक्सर गेला.

अनघड_वाट | १७ मे

@कोल्हापुरी_रस्सा, उशीर झाला.